निर्हस्तक्षेप धोरण

निर्हस्तक्षेप धोरण : व्यक्तींच्या आर्थिक व्यवहारांत शासनाने कमीत कमी ढवळाढवळ करावी, या तत्त्वावर आधारलेले राज्यकारभाराचे धोरण. संरक्षण, न्यायदान आणि खाजगी व्यक्तींना न परवडणारी सार्वजनिक कामे, एवढीच शासनाची कर्तव्ये होत, असे ॲडम स्मिथने (१७२३–९०) द वेल्थ ऑफ नेशन्स (१७७६) या ग्रंथात प्रतिपादिले. मोठ्या समाजाचा कारभार या मर्यादेत चालू शकतो काय, या प्रश्नाची कसोटी प्रथम धान्यव्यापाराच्या क्षेत्रात लागली.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा केने (१६९४–१७७४) व त्याच्या अनुयायांनी या धोरणाचा पुरस्कार केला. अर्थमंत्री त्यूर्गो (१७२७–८१) याने सप्टेंबर १७७४ मध्ये देशांतर्गत धान्यव्यापारावरील निर्बंध उठविले. त्याच वर्षी पीक कमी आल्याने भाव चढले व १७७५ च्या वसंतात ‘पिठाचे युद्ध’ या नावाने प्रसिद्ध असलेले दंगे उसळले. मुक्त व्यापाराच्या रक्षणासाठी सैन्य पाठवावे लागले. १७७६ मध्ये त्यूर्गोला पद सोडावे लागले.

इंग्लंडमध्ये या धोरणाला मोठे यश लाभले. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द होऊन आयात धान्यावरील संरक्षक जकातींना उतरती कळा लागली आणि जमीनदारांची मक्तेदारी ढासळली. तथापि याच काळात कारखान्यांवर निरीक्षक नेमणारा कायदा (१८३३) आणि सार्वजनिक आरोग्याचा कायदा (१८४८) संमत झाले. औद्योगिक शहरांतील बालमजुरी व रोगराई यांवर बाजारपेठेत उपाय सापडला नव्हता.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले. पील सरकारने प्रथम अमेरिकेतून मका आणविला; पण त्यानंतरच्या रसेल सरकारने धान्यपुरवठा प्रामुख्याने खाजगी व्यापारावर सोपविला. सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले व तितक्याच लोकांनी देशांतर केले.

हीच विचारसरणी हिंदुस्थानातील प्रशासनातही रुजली होती. १८६५ मध्ये ओरिसात पाऊस अपुरा पडला, तेव्हा भाव वाढताच व्यापारी धान्य आणतील, या भरवशावर सरकारने आयात लांबणीवर टाकली. पुढील पावसाळ्यात बंदरे बंद झाली आणि सुमारे १० लाख लोक दगावले. याउलट १८७३–७४ मध्ये बिहारात सर रिचर्ड टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून प्राणहानी टाळली. परंतु खर्च अवाजवी झाला, म्हणून त्याच्यावर टीका झाली. १८७६–७८ च्या दुष्काळात त्याच टेंपलने मद्रास इलाख्यात कामकऱ्याची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. देशातून धान्याची निर्यात चालूच राहिली. या दुष्काळातील मृत्यूंची संख्या ५० लाखांहून अधिक असावी, असा अंदाज आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मुंबई इलाख्यातील दुष्काळग्रस्तांची स्थिती अहवालांद्वारे सरकारपुढे मांडली.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने व्यापारस्वातंत्र्याचे तत्त्व कायम ठेवले. मात्र दुष्काळात मजुरांचा रोजगार बुडतो, म्हणून त्यांना काम व पुरेशी मजुरी देणे हे सरकारचे कर्तव्य होय, असा निर्वाळा दिला. त्यानुसार १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धांत सर्व देशकालांना सारखेच लागू पडत नाहीत, असे दाखवून शासनाच्या विधायक भूमिकेचे समर्थन केले. पुढे १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागात काम मागण्याचा हक्क मान्य केला.

विसाव्या शतकात हायेक व नॉझिक यांनी या विचाराची नव्याने मांडणी केली. नॉझिकने (१९७४) अल्पतम राज्यापलीकडील कोणतेही राज्य अन्याय्य ठरविले. हायेकने (१९४४) मात्र अन्न, वस्त्र व निवारा यांच्या किमान हमीला विरोध केला नाही. बाजारातील भाव धान्य कोठे दुर्मिळ आहे हे सांगतात, हे स्मिथचे म्हणणे खोटे ठरले नाही. परंतु ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची भूक भावांत उमटत नाही. उपासमार अन्नाच्या टंचाईपेक्षा ते मिळविण्याची क्षमता गमावल्यामुळे होऊ शकते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. व्यापाराचे नियमन करण्याचे तत्त्व म्हणून निर्हस्तक्षेप पुष्कळ अंशी टिकले. संपूर्ण राज्यकारभाराचे तत्त्व म्हणून मात्र ते त्याच्या पुरस्कर्त्यांनाही अबाधित ठेवता आले नाही.