डोंगरीचं कापड, जगाचा रुबाब

खांद्यावर पट्टे असलेल्या पँटला आपण डंगरी म्हणतो. हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला खरा, पण इंग्रजीत तो गेला मुंबईच्या डोंगरीतून. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला व्यापाऱ्यांनी जागेचंच नाव दिलं आणि 17व्या शतकात ते इंग्रजीत रुळलं. पुढे त्या कापडाचे कपडे खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर आले. अमेरिकेत तर जीन्सलाही कित्येक वर्षं डंगरीच म्हणत.

जीन्सचं कूळही कष्टकऱ्यांचंच. नेवाडातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोनं त्याच्याकडे नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली. घोड्यांच्या झुलींना तो तांब्याचे रिव्हेट मारायचा, तेच त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. पेटंटचा खर्च झेपेना, म्हणून त्यानं सॅन फ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लीवाय स्ट्रॉस यांना भागीदारीत घेतलं. 20 मे 1873 रोजी पेटंट मिळालं.

जीन्सचा पाय उलटून पाहा. बाहेर निळा, आत पांढुरका. ताण्याचं सूत निळीत बुडवलेलं, बाण्याचं पांढरं. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, त्यामुळे जिथे घासतं तिथे पांढरं वर येतं. गुडघे, मांड्या, खिशाच्या कडा... माणूस कसा वाकला, कसा बसला, हे कापडावर उमटतं.

1953 साली ‘द वाइल्ड वन’ या सिनेमात मार्लन ब्रँडोनं आणि 1955 साली ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये जेम्स डीननं हीच मजुराची पँट घातली. अमेरिकेतल्या काही शाळांनी जीन्सवर बंदी घातली आणि पोरांना ती आणखीच हवीशी झाली. कापड तेच होतं. ‘लोक काय म्हणतील’ याची पर्वा नसलेल्या माणसांनी ते घातलं, म्हणून ते कूल ठरलं.

मग तो बेफिकीरपणा दुकानात विकायला आला. नवी पँट जुनी दिसावी म्हणून कारखान्यांत तिच्यावर वाळूचे फवारे मारू लागले. ती धूळ तुर्कस्तानातल्या कामगारांच्या फुफ्फुसांत गेली, सिलिकोसिसनं माणसं दगावली आणि 2009 साली त्या देशाला ही पद्धत बंद करावी लागली.

जीन्स घ्यायची तर कोरी, गडद निळी घ्या. ती तुमच्याच अंगावर, तुमच्याच कामानं विटू द्या.