तारे, अंगठे आणि टक्के

शनिवार-रविवार जवळ आला की घरोघरी एक प्रश्न उपस्थित होतो : कोणता चित्रपट पाहावा? प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याच्या उत्तरावर घरातल्या चार माणसांचे तीन तास आणि बऱ्यापैकी पैसे अवलंबून असतात. आणि ज्याने तो चित्रपट काढला त्याची तर दोन-दोन वर्षांची मेहनत पणाला लागलेली असते. एवढा मोलाचा सल्ला आपण घेतो कोणाकडून? आज तो आपण बहुधा एका आकड्याकडून घेतो. पाचांपैकी साडेतीन तारे, दहांपैकी आठ गुण, शंभरांत बासष्ट टक्के. शाळेच्या प्रगतिपुस्तकातला हा आकडा कलेच्या कपाळी कोणी आणि कशासाठी चिकटवला, याची हकीकत रसिकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे.

आरंभी असल्या सल्ल्याची गरजच नव्हती. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली, तेव्हा तिकीट होते एक रुपया. चित्र हलते, एवढाच त्यातला चमत्कार. त्यात बरे-वाईट कोण निवडणार? पुढे 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. हा चित्रपट सुरतेला नेला तेव्हा लोक फिरकेनात. सहा-सहा तास चालणारी नाटके पाहणाऱ्या माणसाला दीड तासाच्या खेळाचे अप्रूप ते काय? तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात केली ती अशी, की 57,000 छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत! लोक आले. चित्रपटगृहाच्या दाराशी आकडा टांगून गिऱ्हाईक बोलावण्याची आपल्याकडची सुरुवात ही अशी झाली. त्या आकड्यात चित्रपट चांगला की वाईट हे मुळीच सांगितले नव्हते. माल किती, एवढेच सांगितले होते.

गुणांचा आकडा आला तो अमेरिकेतून. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या छोट्या आकाराच्या, चित्रांनी भरलेल्या दैनिकात आयरिन थायरर नावाच्या बाई चित्रपटांवर लिहीत असत. 31 जुलै 1928 च्या अंकात त्यांनी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या चित्रपटाला एक तारा दिला, आणि यापुढे आपण असेच तारे देत जाणार असल्याचे जाहीर केले. तीन तारे म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा, आणि एकही तारा नसेल तर पाहू नये. कामावर जाता-येता वर्तमानपत्र चाळणाऱ्या माणसाची ही सोय होती. पण ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ताऱ्याखाली परीक्षण होते आणि परीक्षणाखाली नाव होते. वाचकाला ठाऊक असे, की हा तारा थायररबाईंचा आहे. आणि त्यांच्या आवडीनिवडीशी आपले कुठे पटते व कुठे पटत नाही, हेही त्याला हळूहळू ठाऊक होत असे.

आपल्याकडे या काळात मोजमाप चाले ते आठवड्यांचे. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' 1936 साली लागला तो गिरगावच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ हलला नाही. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेव्हा महोत्सवातल्या पंडितांनी आणि गिरगावच्या चाळकऱ्यांनी एकच निकाल दिला, असे म्हणायला हरकत नाही. पण असा योग क्वचितच येतो. दादा कोंडके यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले, आणि त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर समीक्षकांनी नाके मुरडली. पंचविसाव्या आठवड्याचा फलक आणि समीक्षकाचे नाक यांपैकी प्रेक्षकाने कशावर विश्वास ठेवला, हे सांगायला नकोच.

आणि तरीही समीक्षकाच्या शब्दाला वजन असण्याचा एक काळ मुंबईने पाहिला आहे. 1935 साली बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. पंचवीस वर्षे ते मासिक चित्रसृष्टीच्या उरावर बसून होते, असे म्हटले तरी चालेल. बाबूरावांनी तारे वगैरे कधी वाटले नाहीत. त्यांची लेखणीच पुरेशी होती. वाचकांच्या पत्रांना ते जी तिखट उत्तरे देत, ती वाचण्यासाठी अंक विकत घेणारे पुष्कळ होते. एका परीक्षणाने वा लेखाने दुखावलेली अभिनेत्री शांता आपटे हातात छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरली, ही आख्यायिका चित्रसृष्टीत आजही सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, पण एखाद्या टक्केवारीवर छडी उगारायला कोणी जात नाही, एवढे तिच्यावरून नक्की समजते. राग येण्यासाठी समोर माणूस असावा लागतो.

बाबूरावांची बाजू अगदी निर्मळ होती असेही नव्हे. टीका करणाऱ्या या गृहस्थाने स्वतः चित्रपटही काढले. 1944 चा 'द्रौपदी' आणि 1946 चा 'ग्वालन' हे दोन्ही त्यांचेच, आणि दोहोंत नायिका होत्या सुशीलाराणी. दुसऱ्याच्या पानात मीठ कमी म्हणणाऱ्याने स्वतःची खानावळ काढावी, तसाच हा प्रकार. आपले आचार्य अत्रे यांनीही एका हाताने चित्रपट काढले आणि दुसऱ्या हाताने झोडपले. पण हे सारे उघड्यावर होते. वाचक म्हणे, बाबूराव अमक्याचे शत्रू आहेत, तेव्हा या शिव्यांतून चार आणे वजा करा. पक्षपात दिसत असला की त्याचा हिशेब करता येतो.

1954 साली आपल्याकडे निवाड्याचे दोन नवे मार्ग एकदमच उघडले. 'फिल्मफेअर'ने आपली पारितोषिके सुरू केली. टाइम्सच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून ती आरंभी 'क्लेअर' म्हणून ओळखली जात. त्यात हिंदी चित्रपटांतून बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला पहिला मान मिळाला. त्याच वर्षी सरकारने 1953 च्या चित्रपटांसाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक दिले, ते अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. 'दो बिघा जमीन'च्या वाट्याला प्रशस्तिपत्र आले. दोन पंगतींत दोन वेगळी पाने पहिली मांडली गेली. यात कोण चुकले? माझ्या मते कोणीच नाही. दोन भिन्न कसोट्या लावल्या की दोन भिन्न उत्तरे येणारच. सरकारची आणखी एक शिफारस आपल्या परिचयाची होती, ती म्हणजे भित्तिपत्रकावर तिरपी पट्टी मारून लिहिलेला 'करमुक्त' हा शब्द. त्यात गुणगौरव होता आणि तिकिटात सूटही होती. 2017 साली करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि त्या पट्टीची जुनी ऐट गेली.

ताऱ्यांचा सर्वांत प्रामाणिक उपयोग, माझ्या मते, पॅरिसमध्ये झाला. 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकाने 1955 साली 'दहांची सभा' नावाचे एक कोष्टक छापायला सुरुवात केली. उभ्या रांगेत चित्रपट, आडव्या रांगेत दहा समीक्षकांची नावे, आणि प्रत्येक चौकोनात त्या त्या समीक्षकाची खूण. काळा ठिपका म्हणजे जाण्याचे कष्ट घेऊ नका. एक तारा म्हणजे वेळ असला तर पाहा. दोन म्हणजे पाहा. तीन म्हणजे पाहाच. आणि चार म्हणजे श्रेष्ठ कृती. एकाच चित्रपटापुढे एकाचे चार तारे आणि दुसऱ्याचा काळा ठिपका शेजारी-शेजारी नांदत. त्यांची बेरीज करून दहांनी भागावे अशी घाई तिथे नव्हती. ते भांडण जसेच्या तसे वाचकापुढे ठेवलेले असे, आणि ज्याची आवड आपल्याशी जुळते त्याचा रकाना वाचकाने शोधून काढायचा असे.

यानंतरचा इतिहास हा बेरजेचा आणि भागाकाराचा आहे. शिकागोच्या दोन प्रतिस्पर्धी दैनिकांचे समीक्षक जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर समोरासमोर बसून वाद घातले, आणि वादाच्या शेवटी अंगठा वर किंवा खाली केला. लोकांनी वाद विसरून अंगठा लक्षात ठेवला. 1990 साली कॉल नीडहॅम या इंग्रज गृहस्थाच्या खटपटीतून आयएमडीबी ही संगणकावरची चित्रपट-सूची सुरू झाली, आणि पुढे कोणीही उठावे व दहांपैकी गुण द्यावेत अशी सोय झाली. 1998 साली 'रॉटन टोमॅटोज' आले. त्याची टक्केवारी पुष्कळांना उमगलेली नसते, म्हणून थोडे फोडून सांगतो. किती समीक्षकांनी अनुकूल मत दिले, एवढेच तिथे मोजतात. ते मत किती अनुकूल, हे त्या टक्क्यात येत नाही. समजा, दहा समीक्षकांनी एक चित्रपट पाहिला आणि दहाही जण म्हणाले, 'ठीक आहे, वेळ जातो.' त्याला शंभर टक्के पडतील. दुसऱ्या चित्रपटाला सहा जण युगप्रवर्तक म्हणाले आणि चौघे उठून गेले. त्याला साठच पडतील. म्हणजे कोणालाच न दुखावणारा चित्रपट वर्गात पहिला, आणि माणसांना हलवून सोडणारा जेमतेम उत्तीर्ण! हिशेबात चूक काहीच नाही. आपण मात्र त्या टक्क्यांना गुणवत्ता समजतो.

याहून मोठा बदल घडला तो अवधीत. 'राजा हरिश्चंद्र' लागला तो दिवस शनिवार होता. 1931 चा 'आलम आरा' शनिवारीच लागला, आणि 1932 चा 'अयोध्येचा राजा'ही शनिवारीच. 5 ऑगस्ट 1960 रोजी 'मुघल-ए-आझम' लागला तोवर शुक्रवार आला होता. वार बदलला, पण चित्रपटाला मिळणारी उसंत तशीच होती. 15 ऑगस्ट 1975 रोजी 'शोले' लागला तेव्हा अनेक परीक्षणे थंड होती आणि व्यापारी मंडळी चिंतेत होती. मग पाहून आलेल्या माणसांनी न पाहिलेल्या माणसांना सांगितले. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे राहिला. आज एवढी वाट कोण पाहतो? शुक्रवारी दुपारी आकडा लागतो, रविवारी रात्री भवितव्य ठरते, आणि सोमवारी खेळ कमी होतात. मोठ्या हिंदी चित्रपटाशेजारी दिवसाचा एखादाच खेळ मिळालेल्या मराठी चित्रपटाला तर तोंडी शिफारस गावभर पोचण्याइतकाही वेळ उरत नाही. चित्रपट लागताच हेतुपुरस्सर वाईट शेरे मारण्याचा प्रकार 2023 साली केरळ उच्च न्यायालयापुढे गेला, आणि न्यायालयाच्या साहाय्यार्थ नेमलेल्या वकिलाने सुचवले, की पहिले 48 तास परीक्षणकारांनी थांबावे. सूचना व्यवहार्य आहे की नाही, आणि मत मांडण्याच्या हक्काचे त्यात काय होते, हा वाद वेगळा; पण दोन दिवसांची उसंत मागण्याची पाळी एका कलेवर यावी, यातच सारे आले.

मग रसिकाने करावे काय? आकडे टाळा, असे मी म्हणणार नाही. फाळक्यांनाही ते टाळता आले नाहीत. पण आकड्यामागचा माणूस शोधावा. एखादा समीक्षक निवडावा, त्याची दहा-बारा परीक्षणे आपण पाहिलेल्या चित्रपटांशी ताडून पाहावीत, आणि त्याचा कल ओळखावा. नेमाने आपल्या उलट मत देणारा समीक्षकही कामाचा असतो; तो नाक मुरडील त्या चित्रपटाची तिकिटे आधी काढावीत. आणि एखादा चित्रपट मनापासून आवडला, तर तारे देऊन थांबू नये. शेजाऱ्याला, भाच्याला, कचेरीतल्या सोबत्याला तो का आवडला हे चार वाक्यांत सांगावे, आणि तेही रविवारच्या आत सांगावे. सोमवारी तो चित्रपट तिथे असेलच, याची आता खात्री नाही.