गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा तापू लागला की नगर जिल्ह्यात एक वाक्य सर्रास कानी पडतं: 'गॅस संपलाय, भरावा लागेल.' संगमनेरच्या दुकानातला फ्रीज असो, शिर्डीच्या लॉजमधला एसी असो, की अकोले तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर, निदान हेच. वाक्य सगळ्यांना समजतं. पण त्यातलं क्रियापद चुकलेलं आहे, आणि ती चूक फार महागात पडते.

आधी 'गॅस' पाहू. सतराव्या शतकात फान हेल्मोंट या फ्लेमिश रसायनज्ञाने हा शब्द घडवला, तो ग्रीक 'खाओस'वरून, म्हणजे निराकार पोकळीवरून. मराठीत आल्यावर त्याचं नातं जाळाशी जुळलं. वरातीतली गॅसबत्ती, स्वयंपाकघरातला गॅस, वेल्डिंगचा गॅस, सगळे जळणारे आणि जळून संपणारे. फ्रीजमधल्या वायूलाही तेच नाव मिळालं आणि नावाबरोबर 'संपणं'ही त्याला येऊन चिकटलं. त्यासाठीचा पुस्तकातला 'शीतक' हा शब्द दुकानापर्यंत पोचलाच नाही.

माठाच्या बाबतीत 'संपलं' म्हणणं रास्त आहे. पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ रोज भरावा लागतो. फ्रीजमधलं शीतक मात्र बंद नळ्यांमध्ये फिरतं. आत ते उकळून वाफ होतं, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, मागच्या जाळीत उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. त्यातलं काहीच जळत नाही, खर्चही होत नाही. ते कमी झालं असेल, तर गळलेलं असतं.

'गळणे' आलं संस्कृत 'गल्' धातूवरून. गळती, गळका, गाळणी, गाळ ही सगळी त्याचीच भावंडं. 1950 साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून तर 'गळीत हंगाम' हा या जिल्ह्याच्या पंचांगातलाच शब्द झाला आहे. या कुळाचं एक वैशिष्ट्य आहे. 'संपलं' म्हटलं की गोष्ट तिथेच थांबते. 'गळलं' म्हटलं की 'कुठून' आणि 'कुठे' हे प्रश्न आपोआप उभे राहतात. उसाचा रस मांदणात पडतो, गाळ तळाशी बसतो. शीतक जातं आभाळात.

तिथे ज्या थरात पुढचं घडतं, त्याचं नाव वासावरून पडलं आहे. 1840 साली रसायनज्ञ शोनबाइनने एका उग्र वासाच्या वायूला ग्रीक 'ओझेन', म्हणजे वास येणे, यावरून 'ओझोन' म्हटलं. जुनं शीतक अमोनिया हेही वासाचंच. कल्हईवाल्याचा नवसागर हा अमोनियाचाच क्षार, त्याचं नाव फारसी 'नौशादर'वरून आलेलं. युरोपने त्याच क्षाराला आमोन देवाच्या नावाने ओळखलं आणि त्यावरून 'अमोनिया' शब्द आला. दूध थंड करणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये अमोनिया आजही वापरतात. तो विषारी आहे, पण ओझोनला इजा करत नाही, तापमानही वाढवत नाही, आणि गळला की नाकाला झोंबून लगेच कळवतो.

1928 साली रसायनज्ञ मिजलीच्या चमूने क्लोरोफ्लुरोकार्बन हे शीतक म्हणून पुढे आणलं. 'फ्रिऑन' नावाने विकलं गेलेलं हे शीतक बिनविषारी आणि न जळणारं होतं, त्याची गळती नाकालाही कळत नसे. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनज्ञांनी दाखवलं की हे रेणू वर पोचले की अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन नष्ट करत सुटतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगापुढे आलं, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला आणि क्लोरोफ्लुरोकार्बन हद्दपार झालं. ओझोनचा थर आता हळूहळू सावरतो आहे.

पण 'ओझोनस्नेही' हा शब्द अर्धीच गोष्ट सांगतो. नंतर आलेल्या शीतकांपैकी आर-410ए ओझोनला धक्का लावत नाही; मात्र त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. आर-404ए त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणूनच 2016 चा किगाली करार झाला. त्यानुसार भारताला असल्या शीतकांचा वापर 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी घटवायचा आहे. नव्या घरगुती फ्रीजमधलं आयसोब्युटेन दोन्ही बाबतीत जवळपास निरुपद्रवी आहे, मात्र ते पेट घेऊ शकतं.

करार दिल्लीत पाळले जातात, गळती गल्लीत होते. 'संपला' म्हटलं की कारागीर टॉप-अप करतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच किलो पुन्हा आभाळात जातो. 'गळला' म्हटलं की त्याला साबणाचा फेस लावून जोड तपासावा लागतो, उरलेला गॅस मोकळा न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा लागतो, मग ब्रेझिंग करून जोड बुजवावा लागतो. याला तासभर जास्त लागेल, पैसेही थोडे जास्त पडतील. ते द्यायची तयारी गिऱ्हाइकाने ठेवली पाहिजे. आणि कारागिराला सांगताना वाक्य बदललं पाहिजे: 'गॅस गळतोय, आधी गळती काढा, मग भरा.'