सांडपाण्यातून उगवलेली टेकडी

कन्हान नदीचा नकाशा समोर धरला की काठाने खाणींची रांगच लागते. वर जुन्नारदेव-दमुआकडे कोळसा, मग सौंसरच्या मँगनीज पट्ट्यातलं रामाकोना, खाली खाप्याजवळ गुमगावची मँगनीज खाण आणि कामठीच्या अंगाला पुन्हा कोळसा. खुल्या खाणीतून निघालेल्या दगडमातीचा, खाणीतल्या बोलीत ‘ओबी’चा, ढीग उताराला बसवून त्यावर रान उभं करायची जी रीत आज विदर्भाच्या कोळसापट्ट्यात आहे, तिचं मूळ या रांगेच्या मधोमध, मँगनीजमध्ये सापडतं. आणखी मागे गेलं तर ते खाणवाल्यांकडे जातच नाही. ते जातं सांडपाण्याच्या इंजिनीअरांकडे.

उताराची कथा सर्वज्ञात आहे. 3 ऑगस्ट 1977 रोजी अमेरिकेत कार्टर यांच्या सहीने कायदा झाला आणि खाणवाल्यांना जमिनीचा साधारण मूळ चढउतार परत आणून देणं भाग पडलं. आपल्याकडे डंपरने ओतलेला ढीग 37 अंशांच्या आसपास उभा राहतो. डोझरने पायऱ्या पाडून एकूण उतार 28 अंशांवर आणायचा, भोवती चर खणायचा. फोडलेला दगड फुगतो, त्यामुळे खड्डा भरूनही बराच ढीग उरतोच.

पण त्या उतारावर रुजणार काय? ओबीची मूठ हातात घेतली तर वालुकाश्माचे तुकडे, शेलच्या कपच्या, चिकण गोळे. नत्र जवळजवळ नाही, सेंद्रिय अंश नाही, मुळांना साथ देणारे जिवाणू नाहीत. रोप लावलं तर पहिला पावसाळा निभावतं, उन्हाळ्यात जातं.

यावर तोडगा काढला नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, गुमगावच्या मँगनीज ढिगांवर. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, ढिगात मिसळला आणि रोपांच्या मुळांना रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर व मायकोरायझा बुरशी लावली. बुरशीचे धागे मूळ जिथे पोचत नाही तिथून स्फुरद ओढून आणतात. प्रेसमड पाणी धरून ठेवतो आणि जिवाणूंना खायला घालतो.

प्रेसमडच का सुचला? उत्तर संस्थेच्या जन्मपत्रिकेत आहे. 1958 साली ती स्थापन झाली तेव्हा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी हा तिचा विषय होता. ‘नीरी’ हे नाव 1974 मधलं. पाणी, मैला, कारखान्यांचा गाळ हेच तिथलं रोजचं काम. वनखात्याचा माणूस बाहेरून काळी माती आणून खड्ड्यात भरतो. गाळात हात मुरलेल्या माणसाला मात्र टाकाऊ ढिगावर दुसरा टाकाऊ पदार्थ घालावासा वाटणारच.

कोळशाच्या बाजूने याला एक प्रतिवाद होतो: अमेरिकी कायदा आधीचा, तेव्हा उगम तिथला. आकारापुरतं ते मान्य. पण तारखा पाहाव्यात. माती वेगळी साठवा, जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करा, असं बजावणारे 1988 चे खनिज संवर्धन व विकास नियम मँगनीजला लागू होते, कोळशाला नव्हते. कोळसा मंत्रालयाची खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं आली ती थेट 2009 मध्ये. शिवाय या भागातले मँगनीजचे ढीग विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे. भूवैज्ञानिक फर्मर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा सौंसरच्या पट्ट्यात, सीतापारला, उकरणं सुरू झालेलं होतं. जुने उघडे ढीग आणि गाळ जाणणारी संस्था एकमेकांपासून तासाभराच्या वाटेवर. गाठ पडली ती यामुळेच.

निर्णायक पुरावा 2008 चा आहे. जुवारकर आणि सहसंशोधक जांभुळकर यांनी त्या वर्षी कोळशाच्या ढिगावरचा 10 हेक्टरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कृती तीच, जिवाणू आणि बुरशीही त्याच. बदललं एवढंच की प्रेसमडच्या जागी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ आला, हेक्टरी 50 टन.