नावांचे दप्तर

मुघलांच्या काळात आमच्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. गोदावरी तीच, घाटही तेच. बदलले ते दप्तरातले नाव. नाव कोणाच्या वहीत आणि कसे लिहिले जाते, याला इतिहासात फार महत्त्व असते. श्रोतेहो, आज अशाच एका वहीविषयी बोलायचे आहे. ती कागदाची नाही, पण तलाठ्याच्या दप्तराइतकीच खरी आहे.

इंटरनेटवर पत्ते असतात ते आकड्यांचे. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांना नावे दिली. सुरुवातीला अमेरिकेत ही सारी नावे एकाच यादीत ठेवत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी सुचवली : मूळ वही एक, आणि तिच्या शाखा ठिकठिकाणी. तीच आजची डोमेन नावांची व्यवस्था.

भारताच्या वाट्याला ‘डॉट इन’ ही शाखा १९८९ मध्ये आली, आणि ती सांभाळली आपल्या मुंबईने. जुहूच्या ‘एनसीएसटी’ या सरकारी संशोधन संस्थेकडे ते काम होते. त्या काळी नियम कडक होते आणि नावे मोजकीच दिली जात. २००३ मध्ये ‘निक्सी’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि २००५ पासून ‘डॉट इन’ सर्वांना खुले झाले. निक्सी मुख्य वही सांभाळते; नावाची विक्री मान्यताप्राप्त नोंदणीदार करतात. एकाच नावावर दोघांचा दावा आला, तर निवाड्यासाठी लवादाची सोय आहे.

या कारभाराचा धडा मला स्वतःला मिळाला. आमच्या लहानशा साहित्य मंडळाने एक संकेतस्थळ केले होते. कवींचे आवाज आणि जुन्या मैफलींची छायाचित्रे त्यावर ठेवली होती. नाव घेण्याचे काम ओळखीच्या एका संगणकवाल्याला सांगितले. त्याने ते स्वतःच्या नावे नोंदवले आणि पुढे शहर सोडले. मुदत संपल्याची सूचना त्याला गेली असेल, आम्हाला नाही. नाव सुटले आणि भलत्याच कोणी घेतले. तेव्हा कळले, हे नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. आणि सात-बारावर ज्याचे नाव, त्याचेच शेत. आपल्या संस्थेचे नाव कोणाच्या नावे आहे, हे आजच पाहून ठेवा.

आकड्यांची वही वेगळी आहे. जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गट वाटून झाले. त्यापूर्वीच तयार असलेल्या नव्या पद्धतीत पत्ते इतके आहेत की ते मोजायला आपले शब्द अपुरे पडतील. पूर्वी आपल्या कंपन्या थेट ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या ‘एपनिक’कडे पत्ते मागत. २०१२ पासून निक्सीच्याच ‘आयरिन’ या राष्ट्रीय नोंदणी विभागातून ते भारतात मिळू लागले.

माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट मात्र लिपीची आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘डॉट भारत’ सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा आठ भाषांना मिळून ही एकच शेवटची पाटी. आमच्या घरात उर्दू बोलतात आणि मी कविता लिहितो मराठीत. उर्दू लिपीलाही तिची स्वतंत्र पाटी मिळाली, याचा मला आनंद आहे. पण यंत्राला माया नसते. आपण ‘नाशिक’ लिहितो, हिंदीवाले ‘नासिक’. माणसाला गाव एकच कळते, वहीत मात्र ती दोन नावे होतात आणि त्यांचे मालकही दोन असू शकतात. शिवाय देवनागरी पत्ता दिला, तर आजही कित्येक अर्ज तो चुकीचा ठरवतात.

म्हणजे वहीत जागा मिळाली, पण वापर अजून कमी आहे. दप्तरात गुलशनाबाद असतानाही लोकांच्या तोंडचे नाशिक टिकले, म्हणून ते पुन्हा दप्तरात आले. आपल्या अक्षरांचेही तसेच होईल, पण त्यासाठी ती आधी आपण लिहिली पाहिजेत.