घंटा देणारा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

असोदा हे नाव घेतले की मराठी माणसाला बहिणाबाई आठवतात. जळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या या गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी गेल्या. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही. त्यांची गाणी इतरांनी कागदावर उतरवली म्हणून टिकली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईला शाळेच्या घंटेने कधी बोलावले नाही, तिच्या नावाने आता पदव्या दिल्या जातात.

मी याच पंचक्रोशीतला. शाळेची घंटा ऐकायला मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आमच्या भागात वेगळे सांगावे लागत नाही. पण ती घंटा देतो कोण? पाच सप्टेंबरला आपण गुरुजींना नारळ आणि शाल देतो, ते योग्यच आहे. मात्र गुरुजी येण्याआधी शाळेचे कुलूप उघडणारा आणि गुरुजी गेल्यावर ते लावणारा एक माणूस असतो. शाळेच्या इतिहासात त्याचे नाव सहसा सापडत नाही. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

आमच्या गावच्या मराठी शाळेत एक अर्धवेळ शिपाई होते. सारा गाव त्यांना नाना म्हणे. शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. नानांकडे मनगटी घड्याळ नव्हते. हेडमास्तरांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला रोज सकाळी चावी देण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच होते. ते वर्ग झाडत, रांजण घासून पाणी भरत, फाटलेल्या टाटपट्ट्या दाभणाने शिवत. सुट्टी लागली की मातीच्या जमिनीचे दोन वर्ग शेणाने सारवत. पावसाळ्यात दारात उभे राहून ‘पाय झटकून ये रे भो’ असे प्रत्येकाला सांगत. मूल कोणाचे आहे, हे ते पाहत नसत. पाय कसे आहेत, एवढेच पाहत.

माझे वडील पिंजारी. आमच्या घरी अंगणात कापूस पिंजायची कमान टांगलेली असे. नाना दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे आणि गाद्या भरून उरलेला वाया गेलेला कापूस मागून न्यायचे. त्यात जुने कापड घालून ते फळा पुसायचे डस्टर शिवत. अब्बा पैसे घेत नसत आणि नाना चहा घेतल्याशिवाय जात नसत. माझ्या वर्गातल्या फळ्यावरची बाराखडी माझ्याच घरच्या कापसाने पुसली जाते, याचा मला फार अभिमान वाटे.

चौथीत असताना दिवाळीनंतरच्या हंगामात गाद्यांची कामे वाढली आणि अब्बांनी मला हाताशी घरी ठेवले. चौथ्या दिवशी संध्याकाळी नाना दारात उभे. त्या दिवशी कापूस नको होता. ‘भाऊ, पोरगं तीन दिसांपासून दिसलं नाही,’ एवढेच ते बोलले आणि गप्प बसले. अब्बाही गप्प. चहा झाला. जाताना नाना म्हणाले, ‘उद्या घंटा जरा हळू देतो, म्हणजे त्याला पोचता येईल.’ अब्बा हसले, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत होतो. पुढे मी बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. त्यामागे अनेकांचे उपकार आहेत, पण त्या संध्याकाळचा तो एक कप चहा मी वेगळा काढून ठेवला आहे.

हे झाले माझ्या घरचे. आता थोडे इतिहासात डोकावू.

‘शिपाई’ हा शब्द फारसीतल्या ‘सिपाही’वरून आला. मूळ अर्थ सैनिक. ‘चपराशी’ म्हणजे चपरास, अर्थात पितळी बिल्ला लावणारा. लढाईच्या मैदानावरचा हा शब्द पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या कचेऱ्यांतून फिरत शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हाती तलवारीऐवजी झाडू आणि किल्ल्यांचा जुडगा आला. पण दारावर उभा असलेला माणूस दुबळा नसतो. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला पाणी द्यायचे, हे कित्येकदा त्याच्या हातात असते.

याचा सर्वांत कडू दाखला साताऱ्याचा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत त्या शाळेतली तहान नोंदवून ठेवली आहे. इतर मुले नळाशी जाऊन पाणी पीत. या मुलाने नळाला हात लावायचा नाही. गुरुजींची परवानगी मिळाली तरी भागत नसे. नळाची चावी फिरवायला शिपाईच लागे. ज्या दिवशी शिपाई जागेवर नसे, त्या दिवशी हा मुलगा तहानलेला घरी जाई. बसायला त्याचे स्वतंत्र गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून मुलाला ते रोज संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे. शाळेच्या शिपायाचे कौतुक करताना आपण त्याला भाबडा, प्रेमळ म्हातारा करून टाकतो. साताऱ्याच्या शाळेत शिपायाच्या हातात नळ होता आणि झाडणाऱ्याच्या हातात झाडू होता. दोघेही गरीबच असणार, पण जातीची रीत दोघांनीही पाळली. शाळेत मुलाला काय शिकायला मिळते, ते फळ्यावरच्या अक्षरांइतकेच या दोन हातांवर अवलंबून असते. पुढे १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्याचे कागदावर आले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्याले. साताऱ्याच्या शाळेतला तो बंद नळ आणि महाडचे तळे यांच्यामध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. तहान मात्र एकच आहे.

दुसरा दाखला आपल्या खानदेशातला. जळगावहून सुरतेच्या लाईनीवर अमळनेर लागते. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुले वर्गात गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या आवरत, अंथरुणे नीट घडी करून ठेवत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवत. त्यांनी मुलांना स्वच्छतेवर फारशी भाषणे दिली नाहीत. संध्याकाळी परतलेल्या मुलाला आपला कंदील लख्ख झालेला दिसे, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच काच पुसायला बसे.

गुरुजींनी जे केले ते शिपायाचे काम होते. एम. ए. झालेल्या तरुण शिक्षकाने ते हाती घेतले, तेव्हा ते हलके आहे असे म्हणायची कोणाची हिंमत उरली नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून याच माणसाने मे १९४७ मध्ये उपोषण केले. कंदिलाची काच पुसणारा हात आणि मंदिराचे दार उघडायला लावणारा हात एकच होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गांधीजींच्या नई तालीमने १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. अमळनेरच्या छात्रालयात त्याची एक शाखा आधीच फुटली होती, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा दाखला मुंबईचा. १९२६ साली गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला रस्त्यावर सोडून दिलेले एक तान्हे मूल सापडले. त्याने आणि काशीबाईंनी त्याला आपले नाव दिले. मूल चौथीपर्यंत शिकले. मग आईबाप गावी कोकणात परतले आणि पोरगा मुंबईत एकटा राहिला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार अशी कामे करत तो महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. शिपाई असतानाच त्याने अभ्यास केला, परीक्षा दिली आणि १९६१ च्या सुमारास त्याच महापालिकेच्या शाळेत तो शिक्षक झाला. १९६२ साली त्याचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह आला. हेच आपले नारायण सुर्वे. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले.

सुर्व्यांची एक कविता आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मुलाचे नाव घालायला शाळेत आलेली एक बाई. बापाच्या नावाचा रकाना आला की ती अडते आणि गुरुजींनाच विनवते. ही कविता शिक्षकाच्या खुर्चीतून लिहिली आहे, असे आपण समजतो. मला वाटते, तिच्यात शिपायाचे डोळेही आहेत. कार्यालयात शिरण्याआधी अशी बाई बराच वेळ दारात घुटमळलेली असते. पदर सावरते, परत फिरू पाहते. ते घुटमळणे खुर्चीतल्या माणसाला दिसत नाही. दारातल्याला दिसते. दोन्ही जागी बसलेला माणूसच असे लिहू शकतो.

मित्रहो, आता आजचे पाहू. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपायाची जागाच नाही. झाडलोट गुरुजी आणि मुले मिळून करतात. अनुदानित खासगी शाळांत शिपाई होते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ठरले की ही चतुर्थश्रेणी पदे रिकामी होत जातील तशी पूर्वीसारखी भरायची नाहीत आणि शाळेला शिपाई भत्ता द्यायचा. ग्रामीण भागासाठी तो दरमहा पाच हजार रुपये ठरला. हिशेब सोपा आहे. पदाची वेतनश्रेणी गेली, निवृत्तिवेतन गेले, उरला भत्ता.

काही जण म्हणतात, मुलांनीच शाळा झाडावी, जपानात मुले रोज वर्ग झाडतात. खरे आहे, आणि चांगलेही आहे. साने गुरुजींनाही हेच आवडले असते. पण आपल्याकडे एक प्रश्न विचारावाच लागतो. झाडू सगळ्या मुलांच्या हाती येतो, की ठरावीक मुलांच्याच? संडास धुवायची पाळी आली की यादीत कोणाची नावे असतात? साताऱ्याचे ते गोणपाट आपण पाहिले आहे, म्हणून हे विचारायचे. पाळी सगळ्यांची असेल तर ते शिक्षण. तसे नसेल, तर जुनीच गोष्ट नव्या नावाने.

आणि झाडू मुलांनी घेतला तरी दुसरे काम उरतेच. तीन दिवस न आलेले मूल कोणाच्या लक्षात येते? गुरुजींपुढे हजेरीपट असतो, त्यावर ते फुली मारतात. सोबत पोषण आहाराचा हिशेब असतो, ऑनलाइन माहिती भरायची असते. दारात उभ्या असलेल्या माणसाला फुली दिसत नाही, पाय दिसतात. कोणते पाय आज आले नाहीत, ते त्याला कळते. पाच हजार रुपयांत झाडू मारणारा मिळेल. पिंजाऱ्याच्या अंगणात येऊन गप्प बसणारा मिळेल का, मला सांगता येत नाही. तसा माणूस एका जागी वीस-पंचवीस वर्षे राहिला, तर घडतो.

शेवटी माझी एक चूक कबूल करतो. माझा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा गावाने शाळेतच माझा सत्कार केला. मी माईकवरून एकेका गुरुजींचे नाव घेतले, त्यांचे उपकार मानले. नाना तेव्हा निवृत्त झालेले होते. तरी सवयीने त्यांनी सकाळीच येऊन पटांगण झाडले होते आणि कार्यक्रमात शेवटच्या रांगेमागे ते उभे होते. माझ्या तोंडून त्यांचे नाव निघाले नाही. मी विसरलो नव्हतो. त्या क्षणी ते मला सुचलेच नाही, आणि हे विसरण्यापेक्षा वाईट आहे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनीच पाण्याचा पेला पुढे केला. ‘चांगलं बोलला रे भो,’ म्हणाले. मी पाणी प्यालो. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

पुढे ते गेले. कडुनिंब अजून आहे. तारेचा वळ त्याच्या फांदीत खोल रुतला आहे आणि सालीने तो अर्धा झाकून घेतला आहे. शाळेत आता विजेची घंटा आहे, ती आपली आपण वाजते. ती वेळेवर वाजते, पण कोणासाठी हळू वाजत नाही.

तुमच्या गावच्या शाळेतही असा एखादा नाना असेल, किंवा झाडलोट करणारी एखादी मावशी असेल. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनाला गेलात, तर त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या आणि माईकवरून त्यांचे नाव घ्या. मी ते केले नाही. तुम्ही करा.