सात डॉलरची चिठ्ठी

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागला म्हणजे आधी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात. मग नारळ, मग पाच-दहा रुपये, आणि दिवस कलायला लागला की मोठ्या इनामाची जोड मैदानात उतरते. रेवड्या घेणारे पोर आणि इनाम घेणारा मल्ल यांच्यामध्ये आपण कुठे रेघ ओढीत नाही. मुष्टियुद्धाच्या खेळात मात्र अशी रेघ होती, आणि ती चांगली ठळक होती. एका बाजूला हौशी, दुसऱ्या बाजूला धंदेवाईक. हौशी खेळाडूने लढतीबद्दल रोख पैसा घ्यायचा नाही. घेतला की हौशी सामन्यांचे दार त्याला बंद. ही रेघ ओलांडताना माणसाच्या हाती काय येते आणि हातचे काय जाते, ते अमेरिकेतल्या जो लुईच्या हकिकतीत फार स्वच्छ दिसते. म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचे योजले आहे.

जोचा जन्म १३ मे १९१४ चा, अलाबामा राज्यातला. हा कापसाचा मुलूख. बाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारा. घरात आठ मुले, त्यांतला हा सातवा. जो दोन वर्षांचा असताना बापाच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. आई लिली हिने पुढे दुसरे लग्न केले, आणि १९२६ साली हे कृष्णवर्णीय कुटुंब पोटासाठी उत्तरेकडे डेट्रॉइटला, मोटारींच्या शहरात आले. जोचे शिक्षण यथातथाच झालेले. शहरात त्याला धंदेशिक्षणाच्या शाळेत घातले. तिथे तो सुतारकाम शिकला. मास्तरमंडळींना असा मुलगा ओळखीचा वाटेल. पुस्तकापुढे गप्प बसणारा, पण रंधा हातात दिला की रमणारा!

१९२९ नंतर मंदी आली. सावत्र बापाचे काम सुटले, घर सरकारी मदतीवर आले. अशा दिवसांतही आईची हौस काय, तर मुलाने व्हायोलिन शिकावे. पैपैसा जमवून तिने शिकवणीचे पैसे दिले. जोने ते नेऊन भरले तालमीत. व्हायोलिनच्या पेटीत तो मुष्टियुद्धाचे हातमोजे लपवून नेई, असेही सांगतात. खरे-खोटे कोण जाणे, पण शिकवणीच्या पैशांची गोष्ट त्याने स्वतःच सांगितलेली आहे.

१९३२ साली तो पहिली हौशी लढत लढला, ती जॉनी मायलर नावाच्या मुरलेल्या गड्याशी. हा मायलर त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला अमेरिकेकडून गेला, म्हणजे जोड किती विजोड होती ते पाहा. हौशी लढत तीनच फेऱ्यांची. तेवढ्यात जो सात वेळा भुईवर आला. हरणाऱ्यालाही काहीतरी द्यायची तिथे रीत होती. पण हौशी म्हटल्यावर रोख देता येत नाही, म्हणून दुकानातून जिन्नस घेण्याची एक चिठ्ठी देत. जोला मिळालेली चिठ्ठी सात डॉलरची होती. सात वेळा पडणे आणि सात डॉलर! ती त्याने घरी नेऊन दिली. सावत्र बाप म्हणाला, हे थेर पुरे, कामाला लाग. जो फोर्डच्या कारखान्यात मोटारींचे अवजड सांगाडे ढकलू लागला. काही महिने गेले, आणि आईनेच त्याला पुन्हा तालमीत जाण्याची मोकळीक दिली.

पुढची दोन वर्षे त्याने अंग झिजवले. एप्रिल १९३४ मध्ये हौशी मुष्टियुद्धाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही त्याने मिळवले. एकूण हौशी लढती ५४. त्यांतल्या ५० जिंकल्या, आणि ४३ वेळा समोरच्याला उठू दिले नाही. ढाली-चषक घरात आले, पण त्यांनी चूल पेटत नाही. आता रेघ ओलांडायची वेळ आली.

ओलांडायची कोणाच्या हाताला धरून, हा प्रश्न होता. डेट्रॉइटचा जॉन रॉक्सबरो हाही कृष्णवर्णीय. आपल्याकडच्या मटक्यासारखा आकड्यांचा धंदा चालवून गबर झालेला. पण गरीब मुलांना मदतही करी. कायद्याच्या नजरेने हा काही सज्जन नव्हे, पुढे त्याच धंद्यापायी तो तुरुंगातही गेला. पण त्याने जोला जे समजावले ते खरे होते. गोरे व्यवस्थापक काळ्या मुलाला थोडे दिवस वापरतात, अंगातली रग जिरली की सोडून देतात. त्याने शिकागोच्या ज्युलियन ब्लॅकला भागीदार केले आणि वस्ताद म्हणून जॅक ब्लॅकबर्नला आणले.

ब्लॅकबर्न हा जुना, पोळलेला खेळाडू. तो आधी तयारच होईना. म्हणे, काळा गडी वजनदार गटात कितीही चांगला निघाला तरी त्याला अजिंक्यपदाची लढत देतो कोण? त्याच्या म्हणण्याला कारण होते. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय विजेता १९०८ साली झाला. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांना तो तोंडावर हसे, गोऱ्या बायकांशी त्याने लग्ने केली. १९१० मध्ये त्याने जेफ्रीजला हरवले तेव्हा गावोगाव दंगली होऊन माणसे मेली. १९१५ साली तो हरला, आणि त्यानंतर या गटात एकाही काळ्या माणसाला अजिंक्यपदाची लढत मिळू दिली नव्हती.

म्हणून ब्लॅकबर्नने जोला पाय कसे रोवावेत, एका ठोशातून दुसरा कसा काढावा हे शिकवलेच, पण एक व्यवहारही शिकवला. पंचांच्या निर्णयावर विसंबू नकोस, ते तुला देणार नाहीत. तुझा उजवा हातच तुझा पंच. व्यवस्थापकांनी वर्तनाचे नियम घातले. पडलेल्या माणसावर हसायचे नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही, तोंडाने फुशारकी मारायची नाही. हौशी असताना तो मनात येईल तसा हसू शकत होता. धंद्यात उतरल्यावर चेहरासुद्धा करारात गेला! मला वाटते, ठोसे खाण्यापेक्षा हे कठीण असावे.

४ जुलै १९३४ रोजी शिकागोत धंदेवाईक म्हणून त्याची पहिली लढत झाली. जॅक क्रॅकन पहिल्याच फेरीत आडवा झाला. जोची कमाई ५९ डॉलर, आणि या वेळी रोख. मग गाडी सुसाट सुटली. १९३५ मध्ये धिप्पाड कार्नेरा पडला, मॅक्स बेअर पडला. लढती भरवणारा माइक जेकब्ज याने जोला आपल्याशी बांधून घेतले. पैसा आला तेव्हा जोने एक केले. मंदीत घराला मिळालेली सरकारी मदत मोजून परत केली.

१९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने मात्र त्याला बाराव्या फेरीत लोळवले. तरी पुढच्या वर्षी २२ जूनला शिकागोत ब्रॅडॉकला हरवून तो जगज्जेता झाला. त्या लढतीमागचा सौदा ऐकण्यासारखा आहे. ब्रॅडॉकने अजिंक्यपद पणाला लावावे म्हणून त्याला पुढची दहा वर्षे जेकब्जच्या या गटातील अजिंक्यपदाच्या लढतींच्या नफ्यातला दहावा हिस्सा कबूल केला गेला. म्हणजे हरलेला माणूस नुसता घरी बसून जेत्याच्या घामावर व्याज खाणार!

२२ जून १९३८ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर श्मेलिंगशी दुसरी गाठ पडली. जर्मनीत हिटलरचे राज्य होते, आणि ही लढत दोन माणसांची उरली नव्हती. मैदानात सत्तर हजारांवर माणसे होती, पण खरी गर्दी रेडिओपाशी होती. कोट्यवधी कान लागले होते. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतून लोक दारात, गल्लीत, दुकानांपुढे उभे राहून ऐकत होते. श्मेलिंग १२४ सेकंदांत संपला. ज्यांनी जोला त्याच्या रंगामुळे हॉटेलात घेतले नसते, त्यांनीही त्या रात्री टाळ्या वाजवल्या. जोचे अजिंक्यपद ११ वर्षे ८ महिने टिकले. त्याने ते २५ वेळा राखले.

आता हिशेबाकडे येऊ. सगळ्या लढतींचे मिळून सुमारे ४६ लाख डॉलर झाले, असे धरतात. जोच्या पदरी पडले सुमारे आठ लाख. उरलेले व्यवस्थापकांच्या वाट्याला आणि खर्चात गेले. जो स्वतःही हिशेबी नव्हता. मित्रांना द्यायचा, फसणाऱ्या धंद्यांत घालायचा. १९४२ साली त्याने दोन लढतींची कमाई नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली आणि स्वतः शिपाई म्हणून भरती झाला. कर खात्याने ते दान त्याच्याच उत्पन्नात मोजले. व्याज चढत गेले आणि देणे दहा लाखांवर गेले. १९४९ मध्ये निवृत्त झालेला हा माणूस कर फेडण्यासाठी पुन्हा उभा राहिला. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ ला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तरुण मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. मग पोटासाठी तो तमाशाच्या कुस्त्याही खेळला.

१९५३ मध्ये आई वारली. तिने जोसाठी ६६७ डॉलर मागे ठेवले होते. कर खात्याने तेही घेतले. १९६० नंतर कुठे खात्याने समजूतदारपणा दाखवून फक्त चालू मिळकतीवर कर घ्यायचे ठरवले. उतारवयात जो लास व्हेगासच्या एका जुगारगृहात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हस्तांदोलन करण्याच्या नोकरीवर होता.

१२ एप्रिल १९८१ ला तो वारला. शिपाई म्हणून आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला जागा मिळाली. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भार एका जुन्या मित्राने उचलला. तो मित्र म्हणजे मॅक्स श्मेलिंग.